हातभर पाईप

पंचवटी, नाशिक
१३ जुलै

चि. हर्षल,

तू घरातल्या सगळ्यांना फोनवर ब्लॉक केलंस. टपालखात्यानं ही सोय अजून केलेली नाही, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या रत्नागिरीच्या कॉलेजातल्या अमोलकडून मिळवला. त्याला बोल लावू नकोस. नववीच्या पोरांकडून संस्कृतचा 'मरुत्' चालवून घेणाऱ्या बाईपुढे तो बिचारा किती टिकणार?

मी बरी आहे. शाळा सुरू झाली. यंदा संस्कृतला गर्दी आहे. देवभाषेची ओढ वगैरे काही नाही, मार्क पडतात. मीही तक्रार करत नाही. देवळात माणसं प्रसादासाठी आली तरी घंटा वाजतेच.

आता तू विचारणार नाहीस त्या विषयाकडे येते.

मे महिन्यात वाल्मीकदादानं शेततळ्यातलं पाणी बागेला उपसलं आणि तुझे मासे गुडघाभर पाण्यात आले. वीतभरसुद्धा न वाढलेले रोहू व्यापारी क्रेटमध्ये भरून घेऊन गेला. तू बांधावर उभा राहून म्हणालास, "दादा, तुला द्राक्षाशिवाय दुसरं काही जिवंतच दिसत नाही." तो म्हणाला, "तळं बागंसाठी खणलंय, तुझ्या डिग्रीसाठी नाय." दुसऱ्या दिवशी तू आंध्रातल्या भीमावरमच्या गाडीत होतास, दुसऱ्यांची कोळंबी वाढवायला. दोघांचंही बरोबर होतं. म्हणून तर भांडण इतकं टिकाऊ निघालं.

मला त्या दिवसापासून मनूची गोष्ट आठवते. ओंजळीत आलेला मासा त्यानं घागरीत ठेवला, मासा वाढला तसा तळ्यात, मग नदीत, मग समुद्रात सोडला. आपण दिंडोरीकर उलटे निघालो. मासा तोच ठेवला आणि भांडं लहान करत गेलो.

तर कळवायचं ते हे. तळ भिजेल एवढ्या पाण्यात तुझे काही कटला तगले होते. आता तळं काठोकाठ आहे. इगतपुरीकडून कुणीतरी हवा भरलेल्या पिशव्यांतून बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, आणली, पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मग हळूच सोडल्या, अगदी तू करायचास तशा. हेच कुणीतरी रोज सकाळी कोंडा आणि पेंड भिजवून टाकतं. कोण, ते विचारू नकोस. त्यानं मला शपथ घातली आहे. त्याच्या मिशीला कोंडा लागलेला मी अजिबात पाहिलेला नाही.

ही बोटुकली पुढच्या मेमध्ये जिवंत असतील की नाही, एवढाच प्रश्न आहे. तू परत येशील की नाही, हे मी वेगळं विचारत नाही. मला तो एकच प्रश्न वाटतो.

उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. न ऐकणाऱ्यांना शिकवायचा मला पगार मिळतो.

मंजुताई


१७ ऑगस्ट

चि. हर्षल,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. एवढ्यावर मी सध्या समाधानी आहे.

श्रावणात दर रविवारी दिंडोरीच्या मळ्यावर जाते. आई विचारते, "पोराचं काई आलं का?" मी म्हणते, "येईल." ती म्हणते, "मी माशांचं इचारलं." खोटं बोलते. तुझंच विचारते.

आईचं मन माशांवर बसलं आहे. आपल्या घरात मासा कधी शिजला नाही, तरी ती त्यांना 'पाहुणे' म्हणते. पाहुणे शेवटी कुठे जातात, एवढं मात्र कुणाला विचारत नाही. रोज सकाळी कणकेच्या गोळ्या करून टाकते. मागच्या रविवारी मारुतीच्या देवळात बायका जमल्या होत्या, तिथं मी मनूची गोष्ट सांगितली. थोडी रंगवून सांगितली, तो माझा धंदाच आहे. परिणाम असा की आता निम्मी आळी सकाळी ताटल्या घेऊन आपल्या बांधावर असते. एरवी माशांना कणिक घालायला रामकुंडावर जावं लागतं, एसटीचे हाल वेगळे. इथं चालत येऊन पुण्य मिळतं. सुमनबाई तर म्हणाल्या, "मंजुताई, तुमच्यामुळं गंगा दारात आली." मी नम्रपणे मान खाली घातली. मान खाली घालताना किती बरं वाटतं, हे तुला सांगायला नको.

पाणी सुरेख हिरवं झालं आहे. तूच म्हणायचास ना, हिरवं पाणी म्हणजे माशांचं ताट वाढलेलं. दादा कुरकुरतो, ठिबकच्या फिल्टरला शेवाळ बसतं. हिरव्या पाण्यावर मोरचुदाची पोटली फिरवायची, हा द्राक्षवाल्यांचा ठरलेला इलाज. पण हात आवरून आहे बिचारा. म्हणजे त्या 'कुणीतरी'नं त्याला आवरलं असावं.

आणि गंमत सांगते. अलीकडे मासे आपण होऊन वर येतात. पहाटे उठून पाहावं तर पाण्यावर शेकडो तोंडं, उघडझाप करणारी. वर्गात पाठांतर चाललंय असं वाटतं. ऊन चढलं की खाली जातात. आई म्हणते, भूक लागते लेकरांना. आम्ही गोळ्या वाढवल्या.

तू पाहायला हवं होतंस.

मंजुताई


२२ सप्टेंबर

चि. हर्षल,

आधी सांगते: मासे जिवंत आहेत. आता हे पत्र खुर्चीत बसून वाच.

काल सकाळी राखीवहिनीच्या नव्या नंबरवरून फोन आला आणि तू फसून उचललास, तेव्हाचं तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं सांगते. सरळ सांगते, कारण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

सर्वपित्री अमावास्या होती. आबांसाठी पान ठेवायचं म्हणून मी शनिवारीच मळ्यावर गेले होते. आठवडाभर आभाळ असं की सूर्य आहे हे केवळ शास्त्राधारे मानायचं. गोदावरीला पाणी वाढलेलं, रामकुंडावर कुणी जाईना. त्यामुळे उजाडायच्या सुमारास गावातल्या बायका घास घेऊन आपल्याच तळ्यावर आल्या. भात, खीर, वडे. पितरांचा मेनू तुला ठाऊक आहे.

मासे वर होतेच. पण त्या दिवशी ते उघडझाप करत नव्हते. तोंडं उघडीच होती, आणि काठाला येऊन टेकली होती. सुमनबाईंनी पदर सावरून हात जोडले. "बघा बायांनो, पितर दारात उभे राह्यले." आणि खिरीची वाटी पालथी केली. कुणी भात टाकला. एकाही माशानं खाल्लं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की ही भूक नव्हे. इतके दिवस जी नव्हती, तीच आम्ही भागवत होतो.

मग तुझ्या जुन्या कटलांपैकी एक मोठा उताणा झाला. आई म्हणाली, "मंजू, ह्ये काय होतंय?" माझ्याकडे मत्स्यावताराचं सगळं होतं, माशाचं काही नव्हतं.

दादा घरातून पळत आला. हातात मोरचुदाची पोटली. पाणी घाण झालंय, साफ करतो म्हणाला. पोरा, आयुष्यभर हिरव्या पाण्यावर ज्यानं तेच केलं, त्याचा हात दुसरीकडे कुठे जाणार? मी राखीवहिनीचा फोन ओढला.

तू विचारलंस, "पाण्याचा रंग?" मी सांगितला. विचारलंस, "कणिक कोण टाकतंय?" मी म्हणाले, "पुण्यवान माणसं." मग तू म्हणालास, "ताई, त्यांना हवा नाहीये पाण्यात. अन्न सडलंय, शेवाळ माजलंय, ऊन नाही. गुदमरतायत ते. दादाच्या हातात काय आहे?" मी सांगितल्यावर तू इतक्या हळू म्हणालास की मला फोन कानाशी दाबून ऐकावं लागलं: "पोटली खाली ठेवायला सांग. मोरचुदातलं तांबं पडलं तर एकही राहणार नाही."

मी काही सांगायच्या आत दादानं फोन घेऊन स्पीकरवर टाकला. पोटली आधीच त्याच्या पायाशी पडली होती. माझ्या खांद्याशी कान लावून त्यानं तुझा आवाज ऐकला होता. मे महिन्यानंतर प्रथमच.

"बोल," तो म्हणाला.

तू म्हणालास, मोटार लाव, तळ्यातलंच पाणी उचल, उंचावरून तळ्यातच पाड, फुटेल तितकं फुटू दे. दादा म्हणाला, "फवारणीचा ब्लोअर लावतो ट्रॅक्टरचा. धुक्यावानी फवारा पडंल." तू विचारलंस, "टाकीत शेवटचं काय होतं?" दादा माझ्याकडे पाहायला लागला. मला काय माहीत टाकीत काय होतं? "बुरशीचं औषध," तो म्हणाला. तू म्हणालास, "मग?" आणि आपल्या गावात ज्याला कुणी उलट विचारत नाही तो वाल्मीक, शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, "नाय लावत."

तुम्ही दोघं पुढं पाईप, मोटार आणि विहिरीच्या ताज्या पाण्याखेरीज एक अक्षर बोलला नाहीत. इतकं गोड बोलणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग फोन ठेवल्यानंतरचं. मोटार लावली. पाईपचं तोंड दादानं बांधावरच्या पत्र्यावर धरलं, पाणी पत्र्यावर आपटून पसरायला लागलं. मासे तिथं गोळा झाले. आम्ही हुश्श केलं आणि लाईट गेली.

दिंडोरी फिडरचं टायमिंग तुला ठाऊक आहे.

आम्ही सगळे पत्र्याकडे पाहत उभे. त्यावरून थेंब, थेंब. तेव्हा आई, आपली आई, जिला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, काठाच्या पायऱ्यांवर दोर धरून बसली, हातातली परात पाण्यात बुडवली, डोक्याएवढी उचलली आणि ओतली. परत भरली, परत ओतली. मग सुमनबाईंकडे वळून म्हणाली, "बघत काय बसल्या? पितरांना पाणी द्यायचंय ना? द्या की."

हर्षल, नैवेद्याची ताटं घेऊन आलेल्या बायका काठाकाठानं बसल्या आणि त्याच ताटांनी पाणी उडवायला लागल्या. परात, घमेलं, कळशी, कुणी नुसत्या हातांनी. सुमनबाई दात-ओठ खाऊन पाण्याला बडवत होत्या. त्यांच्या सुनेशी त्यांचं सध्या बरं नाही, त्याचा माशांना लाभ झाला. दादा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला आणि पत्र्याच्या तुकड्यानं पाणी उपसून फेकत राहिला. मी तर्पण हजार वेळा शिकवलं असेल. काल पहिल्यांदा कंबर मोडेपर्यंत केलं.

लाईट आली. मोटार सुरू झाली, विहिरीचं पाणीही सोडलं. दुपारकडे ढग फाटले आणि ऊन पडलं. तोंडं एकेक करून खाली गेली. मोठ्यांपैकी काही गेले, ते दादानं एका बाजूला काढून बांधापल्याड पुरले. बोटुकली राहिली. तळ्यावर शेवटी काहीच दिसेना, नुसतं पाणी. इतकं रिकामं पाणी पाहून कुणाला रडू येतं का? आईला आलं. बरं वाटल्याचं होतं ते. मला नाही आलं, मी भिजलेलीच होते, कळलं नसतं.

संध्याकाळी दादा ओसरीवर बसून चहा प्याला. म्हणाला, "हा नंबर पण त्याच्याकडं बंद झाला ना?" मी म्हणाले, "झाला." तो म्हणाला, "होऊ दे. लागंल तेव्हा उचलतो तो, कळलं ना."

आता पहाटे मोटार तासभर चालते. कोंडा अर्ध्यावर आणला आहे. कोण टाकतं ते तू ओळखलं असशीलच. शपथ मोडली असं म्हणता येणार नाही, मी नाव कुठेही लिहिलेलं नाही.

मंजुताई


३ ऑक्टोबर

चि. हर्षल,

तळ्यावर आता पाटी आहे. पहिला मसुदा माझा होता. त्यात तीन समास आणि एक विनंती होती. दादानं वाचला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि रंगाचा डबा घेऊन स्वतः लिहिलं: 'माशांना काही टाकू नये. पुण्य घरी करावे.' पाटीवर एक मात्रा चुकली आहे, ती फक्त इथं सुधारली. मी बोलले नाही. माझ्यातही सुधारणा होते आहे. आईला एकादशीला एक गोळी माफ केली आहे. ती तिचे दोन भाग करून दोन टाकते.

पण मुख्य गोष्ट काल दसऱ्याची.

आपल्याकडे हत्यारांची पूजा असते तशी मांडली. छाटणीच्या कात्र्या, कोयते, फवारणीची गन, नट आवळायचे पाने. आणि मधोमध एक लोखंडी करवत, नवं पातं लावलेली. राखीवहिनी म्हणाली, "ही कशाला? घरात सुताराचं काम निघालंय का?" दादा म्हणाला, "निघालंय." हळद-कुंकू वाहिलं, सोनं वाटलं, आणि करवत घेऊन तळ्याकडे निघाला. मी मागं गेले. शिक्षक सुट्टीतही मागच्या बाकावरून पाहतो.

मोटारीचा पाणी ओढणारा सक्शन पाईप तुला आठवतो. बांधावरून उतरून थेट तळाला टेकलेला, टोकाला पाणी धरून ठेवणारा फुटव्हॉल्व्ह. त्यामुळेच तर मेमध्ये तळ्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत बागेला जायचं. दादानं तो पाईप ओढून बांधावर घेतला. फुटव्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवला. मग टोकाकडून कापायला लागला.

शेजारचा मोतीराम शेंदूर लावलेला ट्रॅक्टर घेऊन निघाला होता, तो थांबला. "वाल्मीकदादा, पाईप कापून कुणी बाग पिकवली का?"

"कापून बघतो."

"अन् मेमदी पाणी खाली गेलं म्हंजे?"

"मंग मोटार हवा वढंल. बंद करायची."

"सॉकेट टाकून परत जोडता यील म्हना." मोतीराम हसायला लागला.

"यील ना," दादा म्हणाला. "म्हनून तुकडा ठेवतच नाय."

खरंच ठेवला नाही. तुकड्याला ड्रिलनं भोकं पाडली आणि तळ्यावर आडवा टांगला. पहाटेचं पाणी आता त्यातून पडतं, शॉवरसारखं. पत्र्याची गरज उरली नाही.

द्राक्षांचं काय, असं मी विचारलं. वरच्या अंगाची म्हातारी बाग तो या हंगामानंतर काढणार आहे, तशीही ती नावालाच उभी होती. बाकीच्या वेलींच्या बुडाशी पाचट टाकणार, म्हणजे पाणी कमी उडेल. आणि माशांचं पाणी बागेला दिलं की खत कमी लागतं, हे तू घसा कोरडा करून सांगायचास ते आठवतं? आता तेच तो मोतीरामला सांगतो, स्वतःला सुचल्यासारखं. मोतीरामनं आज सकाळी विचारलं, बोटुकली कुठं मिळतात. मोतीराम कुणाला विचारतो आहे ते पाहून मला हसू आवरेना.

येताना दादा एसटीपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "तू त्याला लिहितीस ना?"

मी म्हणाले, "कुणाला?"

"असू दे. लिही, मी पाईप अंदाजानं कापलाय. उन्हाळ्यात माशांना किती पाणी ठेवायचं त्ये माझ्या डिग्रीत नव्हतं. बरोबर हे का सांग म्हनावं."

मी सांगितलं. निरोप्याचं काम एवढंच.

मंजुताई


१९ ऑक्टोबर

चि. हर्षल,

तुझं पोस्टकार्ड आलं. माझ्या एवढ्या पत्रांना दोन ओळी. पाणिनीनंही इतकी काटकसर केली नसती. तरी पाठ झालं आहे: 'पाईप अजून हातभर कापा. भाऊबीजेला पोचतो, तोवर पाणी उपसू नका.'

हे पत्र भीमावरमला पोचेल तेव्हा तू गाडीत असशील, म्हणजे ते कुणीच वाचणार नाही. परत आल्यावर तुझ्या खोलीच्या मालकाकडून मागवून घे. सवयीनं लिहिते आहे, आणि आज घरात मला शांत बसवत नाही.

कार्ड घेऊन मी आजच मळ्यावर गेले. आईनं ते उलटं धरून बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "अक्षर अजून वाईटच हे त्याचं." आणि सरळ चुलीकडे गेली, शेवया आहेत की नाही ते बघायला.

दादा तळ्यावर होता. कार्ड वाचलं. "लय शहाणा," म्हणाला. पाईप ओढून वर घेतला, फुटव्हॉल्व्ह काढला आणि टोकाला स्वतःचा हात लावला, कोपरापासून बोटांपर्यंत. खडूनं खूण केली. करवत लावली आणि थांबला.

"हातभर म्हंजे कुणाच्या हातानं?" त्यानं विचारलं.

मी म्हणाले, "त्यानं लिहिलंय, तर त्याच्याच असेल."

तो खुणेकडे पाहत राहिला. "त्याचा लांब हे," म्हणाला. "उंचावरच्या कैऱ्या तोच काढायचा."

मग खडूची खूण अंगठ्यानं पुसली, चार बोटं पुढं सरकला आणि तिथं कापला.

मंजुताई